अल्सेशियन की जर्मन शेफर्ड?

कट्ट्यासमोरून एक उमदा कुत्रा मालकाबरोबर गेला. अण्णा म्हणाले, "काय अल्सेशियन आहे!"

"जर्मन शेफर्ड, अण्णा," मंदारनं सुधारलं.

"आमच्या लहानपणापासून अल्सेशियनच. तुमचं नाव नवं."

झालं, जुंपली. सुध्यानं तिसरंच काढलं: या दोन वेगळ्या जाती, अल्सेशियनमध्ये लांडग्याचं रक्त. हे मात्र मला ऐकवेना. जात एकच, आणि जुनं नाव जर्मनच. १८९९ मध्ये मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं एका प्रदर्शनात हेक्टर नावाचा कुत्रा पाहिला, विकत घेतला आणि त्याचं नाव होरांड ठेवलं. त्याच वर्षी त्यानं जातीची संघटना काढली. तिच्या वहीत पहिली नोंद होरांडची.

"मग अल्सेशियन आलं कुठून?" अण्णा हटेनात.

युद्धातून. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जर्मन म्हटलेलं काहीच खपेना. राजघराण्यानंसुद्धा १९१७ मध्ये जर्मन नाव टाकून विंडसर घेतलं, तिथं कुत्र्याची काय कथा? १९१९ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं ही जात 'अल्सेशियन वुल्फ डॉग' म्हणून नोंदवली. अल्सास हा जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरचा प्रदेश, १८७१ पासून जर्मनीकडे, युद्धानंतर फ्रान्सकडे. नाव सोयीचं होतं, एवढंच. 'वुल्फ'मुळे मात्र लांडग्याचा संकर हा समज पसरला. सुध्याचा गैरसमज तिथलाच. पुढे तो शब्द गळला, अल्सेशियन राहिलं. अमेरिकेनं १९१७ मध्ये नुसतं 'जर्मन' खोडलं आणि १९३१ मध्ये परत लावलं. ब्रिटननं मूळ नाव मान्य केलं थेट १९७७ मध्ये.

"म्हणजे मी लहान असताना इंग्रजांच्या वहीत अल्सेशियनच होतं ना? मग माझं काय चुकलं?"

मंदार गप्प. अण्णांचं काही चुकलं नव्हतं, हे मीही कबूल केलं. पण जीव माझा मूळ जर्मन नावावरच: शेफरहुंट. जर्मनमध्ये शाफ म्हणजे मेंढी, शेफर म्हणजे धनगर, हुंट म्हणजे कुत्रा. धनगराचा कुत्रा! हा हुंट आणि आपला श्वान एकाच प्राचीन मुळातून फुटलेले. या नावात कुत्र्याचं काम आहे. अल्सेशियनमध्ये आहे ते माणसांचं भांडण.

"धनगराचा म्हणतोस, पण यानं मेंढ्या राखल्या कशा?" सुध्यानं विचारलं.

चालतं कुंपण होऊन. चराईच्या पट्ट्याला लागून उभं पीक असायचं. त्या हद्दीवरून हा दिवसभर इकडून तिकडे दुडक्या चालीनं फिरायचा, मेंढी पिकात शिरू द्यायचा नाही. न थकता तासन्‌तास दुडकणाराच कुत्रा त्या धनगरांना हवा असायचा.

तेवढ्यात तोच कुत्रा फेरी मारून परत आला. अण्णा पुढं झुकून त्याच्या पायांकडे बघत राहिले.

"दुडकतोय खरा," ते म्हणाले. "काय म्हणालास ते जर्मन नाव? परत सांग."