मंदिरातला राग आणि आपला राग

"येशूनेही मंदिरात कोरडा उचलला होता!" हे वाक्य मी आमच्या मंडळीच्या कमिटीच्या बैठकीत आवाज चढवून म्हटले आहे, आणि ते ज्या कारणासाठी म्हटले त्या कारणाचा प्रभू येशूशी काडीचाही संबंध नव्हता, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

झाले होते एवढेच की, रविवारच्या उपासनेचा क्रम ठरवण्याचे जे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते, ते मला न विचारता एका तरुण सभासदाकडे सोपवण्यात आले. मी पाऊण तास बोललो. उपासनेचे गांभीर्य, देवाच्या घराची पवित्रता, नव्या पिढीचा उथळपणा, सगळ्यावर बोललो आणि प्रत्येक मुद्द्याला वचनाचा आधार दिला. "मला विचारले नाही याचे मला वाईट वाटले" हे एक वाक्य मात्र मी उच्चारले नाही, आणि खरे तर मला तेवढेच म्हणायचे होते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी उपासनेच्या वेळी एक आई आपल्या मुलाला घेऊन मागच्या बाकावर बसली होती. मुलगा नऊ-दहा वर्षांचा. त्याला बोलता येत नाही, पण गीत सुरू झाले की तो आपला एकच सूर लावतो आणि गीत संपले तरी तो सूर थांबत नाही. त्या दिवशी लांबलेल्या प्रार्थनेत त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. एक ज्येष्ठ सभासद उठून तिच्याजवळ गेले आणि वाकून हळूच म्हणाले, "याला जरा बाहेर घेऊन बसता का? लोकांचे लक्ष लागत नाही." तिचा एक हात मुलाच्या तोंडावर होता. तो तसाच ठेवून तिने दुसऱ्या हाताने पिशवी उचलली, मुलाला कमरेशी धरले आणि दोघे दाराकडे गेली. मी दोन बाक पुढे होतो. मान वळवून मी हे सगळे पाहिले, पुन्हा डोळे मिटले आणि प्रार्थना संपल्यावर सर्वांबरोबर "आमेन" म्हणालो.

माझ्या मानासाठी पाऊण तासाचा राग आणि त्या मुलासाठी एका क्षणाचाही नाही, हा हिशेब लक्षात यायला मला बराच वेळ लागला. तो लक्षात आल्यावर मी मंदिराच्या शुद्धीकरणाचा प्रसंग, म्हणजे येशूने यरुशलेमेच्या मंदिरातून विक्रेत्यांना हाकलले आणि नाणी बदलून देणाऱ्या सराफांचे चौरंग उलथले तो प्रसंग, चारही शुभवर्तमानांतून पुन्हा वाचला, आणि ज्या प्रसंगाचा मी हत्यारासारखा वापर केला होता तो मी कधी नीट वाचलेलाच नव्हता, असे माझ्या ध्यानात आले.

मार्काच्या 11व्या अध्यायात एक ओळ आहे, जिच्यावरून आपण सहज पुढे निघून जातो. येशू यरुशलेमेत येतो, मंदिरात जातो, सभोवार सगळे पाहतो आणि संध्याकाळ झाली असल्यामुळे बारा शिष्यांसह बेथानीला निघून जातो. चौरंग उलथले जातात ते दुसऱ्या दिवशी. सराफ आदल्या संध्याकाळीही त्याला दिसले असणारच, पण त्या संध्याकाळी त्याने काहीही केले नाही. योहानाच्या वृत्तान्तात तर तो आधी दोऱ्यांचा कोरडा तयार करतो, आणि दोऱ्या वळायला वेळ लागतो. भान सुटलेला माणूस हाताला येईल ते फेकतो. तो दोऱ्या वळत बसत नाही. माझ्या बैठकीतल्या रागाला एका रात्रीची सवड मिळाली असती, तर त्यातले पवित्रतेचे सगळे पापुद्रे सकाळपर्यंत गळून पडले असते आणि आत फक्त दुखावलेला मी उरलो असतो.

पण येशूच्या रागाचे कारण काय होते, हे त्याहून महत्त्वाचे आहे. मंदिराच्या करासाठी प्रत्येकाला अर्धा शेकेल द्यावा लागे आणि तो सोर शहराच्या चांदीच्या नाण्यांतच घेतला जाई, म्हणून सराफ लागत. बळी निर्दोष असावा असा नियम होता, म्हणून विक्रेते लागत. म्हणजे हा बाजार उपासनेच्या सोयीसाठीच उभा राहिला होता. तो भरला होता बाहेरच्या प्रांगणात, आणि परराष्ट्रीयांना मंदिरात जिथवर येण्याची मुभा होती ती जागा तीच होती. त्यापुढे एक कठडा होता आणि तो ओलांडणारा परका स्वतःच्या मरणाला स्वतः जबाबदार राहील, असे ग्रीक भाषेत कोरलेले दगड तिथे बसवलेले होते. त्यांतला एक अखंड दगड 1871 साली सापडला. दूरच्या देशातून इस्राएलाच्या देवाला शोधत आलेल्या माणसाला प्रार्थनेसाठी जी एकच जागा होती, तिथे गुरांचे हंबरणे आणि नाण्यांची घासाघीस चालू होती. येशू यशया संदेष्ट्याचे वचन उच्चारतो ते नेमके हेच: "माझ्या घराला सर्व राष्ट्रांचे प्रार्थनागृह म्हणतील." या वाक्यात "सर्व राष्ट्रांचे" या शब्दांवर भर आहे. आत असलेल्यांच्या सोयीने बाहेरच्यांची जागा खाल्ली होती, हे त्याला सहन झाले नाही. "लोकांचे लक्ष लागत नाही" हे कारणही आत असलेल्यांच्या सोयीचेच होते.

कबुतरे विकणाऱ्यांचा उल्लेख चारपैकी तीन शुभवर्तमानांत मुद्दाम येतो. नियमशास्त्रात कबुतरे ही गरिबांची तरतूद होती. ज्या बाळंतिणीला कोकरू परवडत नसे तिने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले आणावीत, असे लेवीय 12:8 सांगते. लूक लिहितो की मरीया आणि योसेफ बाळ येशूला मंदिरात घेऊन आले तेव्हा त्यांनी तेच अर्पण केले. ज्या पिंजऱ्यांसमोर तो उभा होता, तशाच एखाद्या पिंजऱ्यातून त्याच्या आईने कधीकाळी आपले अर्पण घेतले असेल, हा विचार मनात आल्यापासून मला तो प्रसंग पूर्वीसारखा वाचता येत नाही.

मंदिराची काय गत झाली हे सांगताना येशूने वापरलेले "लुटारूंची गुहा" हे शब्द यिर्मया संदेष्ट्याच्या 7व्या अध्यायातले आहेत, आणि त्यांचा अर्थही मी वर्षानुवर्षे उथळपणे घेत आलो. लुटारू गुहेत लूट करत नाहीत. लूट ते बाहेर करतात आणि गुहेत येऊन सुरक्षित होतात. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून हेच सांगतो: तुम्ही चोरी करता, खून करता, खोटी शपथ वाहता, परक्याला, अनाथाला आणि विधवेला छळता, आणि मग येथे येऊन "परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर" असे घोकता व आपण सुटलो असे मानता. आठवडाभरातल्या वागण्यापासून लपण्याची जागा म्हणून उपासनेचा उपयोग करणे, हा त्याचा आरोप आहे. तो फक्त सराफांवर नाही, माझ्या मिटलेल्या डोळ्यांवरही आहे.

त्याच्याही आधी, इ. स. पू. आठव्या शतकात, आमोस नावाचा मेंढपाळ बेथेलला जाऊन हेच बोलला होता. त्याच्या काळात उपासना जोरात होती: सण, यज्ञ, गायन, वाद्ये, कशाचीच उणीव नव्हती. आणि देव म्हणतो, तुमचे उत्सव मला नकोसे झाले आहेत, तुमच्या गीतांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. हे लोक नास्तिक नव्हते. ते शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळत होते, पण शब्बाथ कधी संपतो आणि आपण माप लहान करून, तराजू खोटा करून धान्य विकायला कधी बसतो, याची वाट पाहत पाळत होते. बेथेलचा याजक अमस्या आमोसाला सांगतो की येथे संदेश देऊ नकोस, हे राजाचे पवित्रस्थान आहे. देवाच्या स्थानाला याजकच राजाचे स्थान म्हणतो, यातच सगळे आले. आपल्याकडे मंडळी कोणाची आहे असे कोणी विचारले तर आपण "प्रभूची" म्हणू, पण त्या आईला बाहेर पाठवताना मंडळी आमची होती.

काही विश्वासू बंधुभगिनींना वाटते की राग हा मुळातच देहस्वभावाचा आहे आणि खऱ्या ख्रिस्ती माणसाने कधी रागावूच नये. मला हे शास्त्राला धरून वाटत नाही. मार्काच्या 3ऱ्या अध्यायात सभास्थानात वाळलेल्या हाताचा माणूस उभा आहे. शब्बाथ दिवशी येशू त्याला बरे करतो की काय, हे आरोप ठेवण्यासाठी टपून पाहणारे भोवती आहेत. येशू त्यांना प्रश्न विचारतो आणि ते गप्प राहतात. तेव्हा तो त्यांच्याकडे रागाने पाहतो आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे खिन्नही होतो. मार्काने राग आणि दुःख एकाच वाक्यात ठेवले आहेत. तो ज्यांच्यावर रागावला आहे त्यांच्यासाठीच त्याला दुःख होते आहे. त्यानंतर त्या रागातून घडते काय, तर एका माणसाचा हात बरा होतो. मत्तयाने मंदिराच्या प्रसंगाला जोडून एक गोष्ट नोंदवली आहे: चौरंग उलथल्यावर आंधळे आणि लंगडे मंदिरात त्याच्याकडे आले, आणि त्याने त्यांना बरे केले. माझ्या पाऊण तासानंतर माझ्याजवळ कोणीही आले नव्हते. तो तरुण तर त्या दिवसापासून मला पाहून रस्ता बदलत होता.

याकोबाच्या पत्रातही हीच दोन टोके एकत्र आहेत. पहिल्या अध्यायात तो म्हणतो की माणसाने रागास मंद असावे, कारण माणसाच्या रागाने देवाचे नीतिमत्त्व घडत नाही; शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे. आणि त्याच पत्राच्या 5व्या अध्यायात, कापणी केलेल्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे म्हणताना त्याचे शब्द पेटलेले आहेत. मध्ये, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला, एक सभा आहे: सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगली जागा मिळते, मळक्या कपड्यांतला गरीब येतो, त्याला "तू तिथे उभा राहा" असे सांगितले जाते. हे वाचताना मला त्या आईची पिशवी दिसते.

जो राग देवाच्या मानासाठी आहे असे आपण म्हणतो, त्याचेच मला आता सर्वांत जास्त भय वाटते. शोमरोनी गावाने येशूला स्वीकारले नाही तेव्हा याकोब आणि योहान यांनी विचारले, प्रभू, आकाशातून अग्नी पाडून यांचा नाश करावा काय? त्यांच्या मते तो गुरूचा अपमान होता आणि त्यांच्याजवळ आकाशातून अग्नी पाडणाऱ्या एलीया संदेष्ट्याचा दाखलाही होता. येशूने वळून धमकावले ते शिष्यांना. पुढे येशूला अटक होताना बागेत पेत्राने तलवार काढली आणि प्रमुख याजकाचा दास मल्ख याचा कान कापला. येशूने तो बरा केला. स्वतःला चपराक बसली तेव्हा त्याने फक्त प्रश्न विचारला, मला का मारतोस? मंदिरात, सभास्थानात, मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर जो रागावला, तो स्वतःच्या वधस्तंभावर रागावला नाही. आज आपण फोनवर एकमेकांच्या पंथावर, उपासनेच्या पद्धतीवर, भाषांतरावर ज्या त्वेषाने तुटून पडतो आणि शेवटी एक वचन लिहितो, त्या त्वेषात मला मल्खाचा कान दिसतो.

राग आणि उपासना एका जागी कसे नांदू शकतात, याचे एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. 1511 सालच्या डिसेंबरात, आगमन काळाच्या चौथ्या रविवारी, कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटावर आंतोनियो दे मोंतेसिनोस या दोमिनिकन संघाच्या धर्मगुरूने स्पॅनिश वसाहतवाल्यांसमोर प्रवचन केले. तिथल्या मूळ रहिवाशांना राबवून मारणाऱ्यांना त्याने विचारले, "ही माणसे नाहीत काय? त्यांना विवेकशील आत्मा नाही काय?" श्रोते संतापले आणि त्याने शब्द मागे घ्यावेत अशी मागणी झाली. पुढच्या रविवारी तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा तेच बोलला. माझे मन त्या मधल्या आठवड्याकडे जाते. शब्द मागे घेण्याची मोकळीक होती, पहिल्या दिवसाचा भर ओसरला असेल, तरी बोलणे बदलले नाही.

पौल इफिसकरांना लिहितो की तुम्ही रागवा, परंतु पाप करू नका. तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. माझ्यावर किती सूर्य मावळले हे मी मोजलेले नाही. मी आधी त्या तरुणाकडे गेलो आणि त्याची क्षमा मागितली. त्याने ती दिली, थोडी संकोचून. नंतर त्या आईच्या घरी गेलो. दारातच उभा राहून मी म्हणालो की त्या दिवशी मी पाहिले होते आणि तरी गप्प बसलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्यांनी बाहेर जायला सांगितले त्यांचा मला राग नाही, ते निदान माझ्याशी बोलले. बाकी सगळ्यांनी डोळे मिटून घेतले होते." आत मुलगा त्याचा तो एक सूर लावत होता.

त्या अजून उपासनेला आलेल्या नाहीत. येत्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. ते ज्येष्ठ सभासदही तिथे असतील, पण त्यांच्याकडे मी परवा एकटाच जाऊन आलो, कारण मत्तयाच्या 18व्या अध्यायात क्रम तोच सांगितला आहे. आम्ही तासभर बसलो आणि आवाज दोघांनीही चढवला नाही. त्यांना माझे म्हणणे अजून पूर्ण पटलेले नाही.