वॉशरच्या हारावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘हार्डवेअरच्या दुकानातलं भंगार गळ्यात घालायला सांगता. मान हिरवी होते, ॲलर्जी येते, लोकांना फसवू नका,’ असं तुम्ही पितळी वॉशर आणि नटांचा हार करायच्या माझ्या लेखावर लिहिलंत. गोफाला दोरा पुरला नाही आणि असला हार कोणी विकत घेणार नाही, हेही. चूक दाखवायला माझी ना नाही. पण ‘भंगार’ आणि ‘फसवू नका’ हे कशासाठी? कोरा पितळी वॉशर भंगार कसा? बारा वर्षं मी हेच घासतेय, ओवतेय. लोकांना फसवायचं असतं तर मापांसकट कृती लिहिली असती का?

दोऱ्याचं मान्य. लेखात दिलेला 60 सेंमी कमीच पडतो. तीनपेडी गोफात नट ओवायचे तर प्रत्येक पेड 90 सेंमीचा घ्या. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता हिरवी मान. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. घामातलं मीठ आणि आम्ल तांब्याला लागलं की हिरवट क्षार तयार होतात. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, ते याच जातीचं. हा डाग साबणाने जातो आणि त्याला खाज नसते. ॲलर्जी बहुतेक वेळा निकेलची असते. तिथे पुरळ उठतं, खाज सुटते आणि साबणाने काही होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका दमात लिहून मोकळ्या झालात, याचं वाईट वाटलं.

तुमचा वॉशर तपासा. चुंबकाला चिकटला तर आत लोखंड आहे. नाही चिकटला, तरी कडेवर कानशीचा एक ओरखडा मारा. वरून पांढरा आणि आत पिवळा दिसला तर मुलामा आहे, बहुधा निकेलचा. तो गळ्यात नको.

पितळच असेल तर एम6 वॉशर, म्हणजे 6 मिमीच्या बोल्टला बसणारा, बाहेरून 12 मिमीचा, बोटाने चाचपून बघा. ठोकून काढलेला असल्यामुळे त्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीची कड धारदार असते. ती बाजू काचेवर 400 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करून घासा, मग 800 ने. भोकाची आतली कड विसरू नका. दोरा तिथेच कापला जातो. मग स्पिरिटने पुसा आणि फक्त कडेने धरून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. बोटाचं तेल लागलं किंवा कड धारदार राहिली की पॉलिश तिथूनच सुटतं आणि मान हिरवी होते. तुमच्याकडे हेच झालं असणार. ‘कडा घासा’ हे लेखात ठळक अक्षरांत होतं.

कानात मात्र यातलं काहीच थेट घालू नका. आणि पितळी नट तान्ह्या मुलांच्या तोंडात जाता कामा नये, कारण कातकामाच्या, म्हणजे लेथवर कापायच्या, पितळेत बहुधा शिसं असतं. हे तुम्ही विचारलं असतंत तर मला जास्त आवडलं असतं.

कोणी विकत घेईल की नाही, हा लेखाचा विषय नव्हता.

चुंबक लावून काय दिसलं ते कळवा.