लंडनच्या लेखावरची प्रतिक्रिया: ‘चोरीचा माल’ बघायला का जायचं?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमचे आक्षेप तीन आहेत: लंडनच्या चार दिवसांत मी मेणाच्या पुतळ्यांचं मादाम तुसाँ आणि लंडन आय हा उंच पाळणा घेतला नाही, वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांचा विचार केला नाही, आणि ‘सगळा चोरीचा माल’ असलेल्या ब्रिटिश म्युझियमला अख्खा दिवस दिला.

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. टॉवर ऑफ लंडनमधल्या अरुंद गोल दगडी जिन्यांबद्दल मी लिहायलाच हवं होतं. गुडघे दुखत असतील तर तिथला व्हाइट टॉवर सोडा, फक्त राजघराण्याचे दागिने बघा. लेखात आजच तशी भर घातली आहे.

लंडन आय वाईट नाही. १३५ मीटर उंची, अर्ध्या तासाची फेरी, दृश्य सुंदर. पण चौघांच्या कुटुंबाला ते तिकीट जड जातं, आणि प्रिमरोज हिलच्या टेकडीवरून शहर फुकट दिसतं. शिवाय तिथून चालत थोड्याच अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब शिकत असताना तिथे राहायचे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. मेणाच्या पुतळ्यांसाठी ते घर चुकवा, असं मी कुठल्याही मराठी माणसाला सांगणार नाही.

आता तिसरा मुद्दा. लुटीबद्दल माझा तुमच्याशी वाद नाही. टिपूचा लाकडी वाघ १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर उचलला. तो आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. कोहिनूर १८४९ मध्ये पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजाकडून, दुलीपसिंगाकडून, तहात लिहून घेतला. तो टॉवरमध्ये आहे. परत करायचं म्हटलं तरी १९६३ च्या कायद्यानं ब्रिटिश म्युझियमचे हात बांधलेले आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून साताऱ्यात २०२४ मध्ये वाघनखं आली, तीसुद्धा तीन वर्षांच्या बोलीवर. हे सगळं बघून मलाही राग येतो.

पण म्हणून जायचंच नाही? ब्रिटिश म्युझियममध्ये ३३ नंबरच्या दालनाला लागून काचेआडचं ३३अ आहे. त्यात आंध्रातल्या (आपल्या विदर्भातल्या नव्हे) अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे शंभराहून जास्त कोरीव दगड आहेत. वॉल्टर इलियट नावाच्या अधिकाऱ्यानं १८४५ मध्ये ते खणून काढले, मद्रासला नेले, आणि १८५९ मध्ये ते लंडनला रवाना झाले. यात लढाई नाही, तह नाही. राज्यच इंग्रजांचं, तेव्हा परवानगी देणारेही तेच आणि नेणारेही तेच. मला तर हे लढाईतल्या लुटीपेक्षा जास्त बोचतं.

त्यातल्या एका शिळेसमोर मी पाऊण तास उभी होते. एका बाजूला अख्खा स्तूप कोरलाय: कठडा, सिंह, गर्दी करून आलेले भक्त. मागे वळून गेलं की त्याच दगडावर बोधिवृक्ष, त्याखाली रिकामं आसन आणि हात जोडलेली माणसं. बुद्धाची मूर्ती नाही. ही मागची बाजू इसवी सनापूर्वीची. पुढे तीन-चारशे वर्षांनी कुणी कारागिरानं तोच दगड उलटवून नव्यानं छिन्नी चालवली. पैठणच्या सातवाहनांच्या काळात हा स्तूप बहरला होता. नाणेघाट, कार्ले बघितलेल्या माणसाला त्या रिकाम्या आसनासमोर परकं वाटत नाही. प्रवेशाला पैसे नाहीत. म्हणजे आपलंच बघायला आपण त्यांना तिकीटही देत नाही.

आपले दगड तिथे आहेत हे ज्यांनी बघितलंच नाही, ते परत मागणार तरी कशाच्या जोरावर? इजिप्तच्या प्रसिद्ध रोझेटा शिळेपुढे गर्दी करून निघून जाणारी आपली माणसं बघितली की जीव तुटतो, म्हणून तो अख्खा दिवस.

आई-वडील बरोबर असतील तर मागच्या, माँटेग्यू प्लेसच्या दारानं आत जा. ३३ नंबर तिथून जवळ पडतं. शुक्रवारी म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, संध्याकाळी गर्दी ओसरते. दालनं अधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी ३३अ उघडं आहे ना, एवढं त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.