बारा मिनिटांत रसाळ स्टेक? घड्याळ सोडा, आतलं तापमान पाहा

एअर फ्रायरमधल्या स्टेकची एक कृती सध्या सगळीकडे फिरते आहे. थोडक्यात ती अशी: स्टेक तासभर फ्रिजबाहेर ठेवा. मीठ आधी लावू नका, रस निघून जातो. एअर फ्रायर २०० अंशांवर लावा. तेवढ्या उष्णतेने वरचा थर लगेच ‘सील’ होतो आणि रस आत कोंडला जातो. गरम हवा चहूबाजूंनी फिरते, त्यामुळे उलटायची गरज नाही. कोणताही स्टेक असो, १२ मिनिटांनी काढा. कापल्यावर लाल पाणी दिसलं तर ते रक्त आहे, आणखी ५ मिनिटं ठेवा.

मी पहिला स्टेक याच कृतीने केला होता. तुकडा चांगला होता, चरबीची बारीक जाळी असलेला, जेमतेम २ सेंटिमीटर जाडीचा. बारा मिनिटांनी तो आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत करडा झाला होता, चावताना वातड लागत होता आणि वरचा रंग मात्र फिकाच राहिला होता. असा अनुभव आला की बहुतेक जण यंत्राला दोष देतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. दोष यंत्राचा नाही. एअर फ्रायरमध्ये उत्तम रसाळ स्टेक होतो, पण ते यंत्र काय करतं आणि रस कशाने जातो, या दोन्ही गोष्टी ही कृती उलट्या सांगते. म्हणून तिचा एकेक दावा तपासायला हवा.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात घट्ट रुजलेला दावा ‘सील’ होण्याचा. त्याचा उगम बराच मागे, जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या १८४७ सालच्या लिखाणात आहे. मोठ्या उष्णतेने मांसाच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात, त्याचं कवच बनतं आणि आतला रस बाहेर पडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकायला ते पटतं, म्हणून स्वयंपाकाच्या पुस्तकांनी ते उचललं. पण १९३०च्या दशकातच मांस तोलून पाहणाऱ्यांना दिसलं होतं, की आधी जोरात भाजलेल्या मांसाचं वजन न भाजलेल्याइतकंच घटतं, कधी थोडं जास्तच. तोलून पाहायचं नसेल तर कान द्या. वरून छान तपकिरी झालेला स्टेकही तव्यावर चर्र चर्र करतच राहतो. तो आवाज पाण्याचा आहे. आतलं पाणी त्या तथाकथित बंद थरातून बाहेर येतं आणि तापलेल्या धातूवर त्याची वाफ होते. थर खरोखर बंद झाला असता तर आवाजही थांबला असता.

मग रस जातो कशाने? मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं आणि ते मुख्यतः स्नायूंच्या तंतूंमध्ये धरलेलं असतं. तंतू तापले की त्यांतली प्रथिनं एकेक करून आकसतात. साधारण ५० अंश सेल्सिअसला मायोसिन हे प्रथिन आपला मूळ आकार सोडतं. मांस थोडं घट्ट होतं, पण पाणी बरंचसं टिकून राहतं. खरा फटका ६० ते ६५ अंशांच्या टप्प्यात बसतो. तंतूंभोवती कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं आवरण असतं, ते या टप्प्यात आकसतं आणि ओला कपडा पिळावा तसं आतलं पाणी पिळून काढतं. ७० अंश ओलांडले की अ‍ॅक्टिन नावाचं दुसरं प्रथिनही आवळतं आणि तुकडा कोरडा पडतो. म्हणजे रस किती राहील हे ठरतं ते मांसाच्या मध्यभागाने गाठलेल्या तापमानावर. वरचा थर कसा आहे याचा त्याच्याशी संबंध फार थोडा.

तपकिरी थर बिनकामाचा आहे असं मात्र मी म्हणत नाही. स्टेकची अर्धी चव त्यातच असते. लुई-कामिय माय्यार या फ्रेंच संशोधकाने १९१२मध्ये ज्या अभिक्रियेचं वर्णन केलं, ती अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यात घडते आणि १४० अंशांच्या पुढे झपाट्याने होते. तो खरपूस वास, तो रंग, ती किंचित गोडसर खमंग चव सगळी तिची. फक्त तिला रसाच्या खात्यात मांडू नये. ती चवीच्या खात्यात आहे, आणि एअर फ्रायरमध्ये ती मिळवणं हेच खरं अवघड काम आहे.

कारण एअर फ्रायर म्हणजे काय, तर वरती तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली छोटीशी जागा. नावात ‘फ्रायर’ असलं तरी तो जोरदार वाऱ्याचा लहान ओव्हन आहे. त्यातली उष्णता मांसापर्यंत पोहोचते ती हवेतून, आणि हवा उष्णता देण्यात फार कंजूष असते. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालतो, झळ लागते, पण भाजत नाही. त्याच ओव्हनमधल्या पत्र्याला बोट लागलं तर लगेच फोड येतो. तापमान दोन्हींचं एकच. फरक उष्णता किती वेगाने हातात शिरते याचा. पंख्यामुळे एअर फ्रायरची हवा साध्या ओव्हनपेक्षा वेगाने उष्णता देते हे खरं, तरी तापलेल्या बिडाच्या तव्याची बरोबरी तिला करता येत नाही. म्हणून ‘२०० अंशांवर लगेच’ काही होत नाही. त्यात पृष्ठभाग ओला असेल तर आणखी वेळ जातो. वरचं पाणी उडून जाईपर्यंत तो भाग १०० अंशांच्या वर चढूच शकत नाही, आणि तोवर माय्यार अभिक्रिया नीट सुरू होत नाही. दरम्यान आतला भाग शिजतच असतो. माझ्या त्या पातळ तुकड्याचं हेच झालं. वर रंग यायच्या आत मध्यभाग ७०च्या पुढे निघून गेला.

यावरून बारा मिनिटांच्या दाव्याचं उत्तर मिळतं. वेळ जाडीवर ठरतो, तोही सरळ प्रमाणात नाही. उष्णतेला पृष्ठभागापासून मध्यापर्यंत मांसातूनच वाट काढावी लागते. नुसता आतल्या प्रवासाचा हिशेब केला तर दुप्पट जाडीला चौपट वेळ लागेल. एअर फ्रायरमध्ये हवेच्या संथपणाचाही वाटा असल्याने तो दोन आणि चार पटींच्या मध्ये कुठेतरी येतो. म्हणजे १२ मिनिटं २ सेंटिमीटरच्या तुकड्याला फार होतात आणि ५ सेंटिमीटरच्या तुकड्याला अपुरी पडतात. त्याखेरीज तुकडा किती गार होता, टोपलीत एक होता की दोन, यंत्र आधी तापवलं होतं की नाही, हाडासकट होता का, या सगळ्याने वेळ बदलतो. एवढ्या बदलत्या गोष्टींना एकच आकडा लावणारी कृती कधीतरी योगायोगाने बरोबर येईल, तेवढंच.

एक छोटी वस्तू हा सगळा गोंधळ मिटवते: टोकदार, झटपट वाचणारा थर्मामीटर. तो स्टेकच्या कडेने आडवा खुपसायचा, म्हणजे टोक बरोबर मध्यात जातं. वरून उभा खुपसला तर पातळ तुकड्यात नेम चुकतो. हाड किंवा चरबीचा मोठा गोळा टाळायचा. खाण्याच्या वेळी मध्यभाग ५० अंशांच्या आसपास असेल तर स्टेक रेअर (आतून लाल, जेमतेम शिजलेला), ५४ ते ५७ मीडियम रेअर, ६० ते ६३ मीडियम, आणि ७१च्या पुढे वेलडन (आतपर्यंत पूर्ण शिजलेला). वर सांगितलेले प्रथिनांचे टप्पे शेजारी ठेवून पाहिले की रसाळपणा मीडियमच्या आसपास का उतरायला लागतो ते कळतं. तुकडा बाहेर काढल्यावरही बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि मध्यभाग साधारण ३ ते ५ अंश वर जातो. त्यामुळे हवं त्या आकड्याच्या तेवढं आधीच काढावं आणि पाच-सात मिनिटं जाळीवर राहू द्यावं. टोचल्याने सगळा रस वाहून जाईल ही भीती नको. मांस म्हणजे पाण्याने भरलेला फुगा नाही. रस असंख्य सूक्ष्म तंतूंमध्ये विखुरलेला असतो, एका बारीक छिद्राने त्यातला नगण्य भाग जातो.

उलटायची गरज नाही, हेही बरोबर नाही. कॉइल वर आहे, पंखा वर आहे. वरच्या बाजूला थेट झळ आणि झोत मिळतो, खालच्या बाजूला जाळीतून वळून आलेली, थोडी निवलेली हवा. निम्म्या वेळाने चिमट्याने उलटलं नाही तर एक बाजू तपकिरी आणि दुसरी उकडल्यासारखी दिसते. टोपलीत फॉइल किंवा कागद अंथरून हवेची वाट अडवली तर खालची बाजू आणखीच वाईट होते.

तासभर बाहेर ठेवण्याने विशेष काही साधत नाही. जाड तुकड्याचा मध्यभाग तेवढ्या वेळात जेमतेम काही अंश वर येतो. तो वेळ पृष्ठभाग कोरडा करण्यात घालवला तर कितीतरी जास्त फायदा आहे.

आणि इथे मिठाचा मुद्दा येतो, ज्यात त्या कृतीचं अर्ध म्हणणं खरं आहे. मीठ लावलं की काही मिनिटांत पाणी सुटतं, वर थेंब दिसतात. अशा वेळी स्टेक आत टाकला तर ते पाणी उडण्यात वेळ जातो आणि रंग येत नाही. पण थांबलात तर गोष्ट उलटते. सुटलेल्या पाण्यात मीठ विरघळतं, आणि ४० मिनिटांच्या पुढे ते खारं पाणी मांसात परत मुरायला लागतं. मीठ तंतूंमधली काही प्रथिनं सैल करतं, त्यामुळे शिजताना ती पाणी जास्त धरून ठेवतात. रात्रभर मीठ लावून, जाळीवर, उघडाच फ्रिजमध्ये ठेवलेला स्टेक आतून रसाळ आणि बाहेरून कोरडाठाक होतो; एअर फ्रायरला नेमकं हेच हवं असतं. वेळ नसेल तर मीठ अगदी आत टाकण्याच्या क्षणी लावा. मधली दहा-वीस मिनिटं तेवढी टाळा.

शेवटचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण चांगला झालेला स्टेक तो हातात आल्यावर बिघडवतो. लाल पाणी रक्त नाही. जनावराचं रक्त कापतानाच काढलेलं असतं. ते पाणी आणि त्यात विरघळलेलं मायोग्लोबिन आहे, स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणारं लाल रंगाचं प्रथिन. ६० अंशांच्या आसपास त्याचा लाल रंग जायला लागतो. म्हणजे ज्या रसासाठी ही सगळी खटपट, तोच ताटात दिसल्यावर ही कृती त्याला रक्त म्हणते आणि आणखी पाच मिनिटांत घालवून टाकते.

लाल रंगाची काळजी करू नका असं सांगताना सुरक्षिततेचं बोलायलाच हवं. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तिथे उष्णता भरपूर पोहोचते. म्हणून अनेक जण मीडियम रेअर खातात. तरी अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्याला ६३ अंश आणि त्यानंतर ३ मिनिटं थांबणं अशी आहे. गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस जेवणार असेल तर त्याखाली जाऊ नये. मऊ करण्यासाठी सुया टोचलेलं मांस असेल तर कोणासाठीच जाऊ नये, कारण टोचताना जंतू आत गेलेले असतात. खिम्याच्या टिक्कीला ७१ अंश लागतात. तिला स्टेकचा नियम लावू नका.

आता मी कसा करते ते सांगते. तुकडा ३ ते ४ सेंटिमीटर जाडीचा. रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये उघडा. दुसऱ्या दिवशी कागदाने पुसून दोन्ही बाजूंना तेलाचं बोट फिरवायचं. त्या पातळ थराने रंग एकसारखा येतो. एअर फ्रायर २०० अंशांवर ५ मिनिटं रिकामा तापवायचा. मग स्टेक एकटाच, टोपलीच्या मधोमध. चौथ्या मिनिटाला उलटायचा आणि सातव्या मिनिटापासून थर्मामीटर लावायचा. मीडियम रेअर हवा असेल तर ५१-५२ला बाहेर. मिरपूड मी नंतर घालते, वाऱ्यात ती उडते आणि करपते. चरबी ठिबकून धूर होत असेल तर टोपलीखालच्या भांड्यात थोडं पाणी घालावं. पाणी मांसाला लागता कामा नये.

पाहुण्यांसाठी करायचा असेल तर दुसरी रीत वापरते, आणि खरं सांगायचं तर मला हीच जास्त आवडते. एअर फ्रायर १२० अंशांवर. मध्यभाग ४६-४७ होईपर्यंत स्टेक त्यात संथ शिजू द्यायचा. कमी तापमानामुळे कडेपासून मध्यापर्यंत रंग जवळजवळ सारखा राहतो, बाहेरचा करडा पट्टा अगदी पातळ होतो, आणि वाऱ्याने पृष्ठभाग पूर्ण सुकतो. तोवर शेगडीवर बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा आणि स्टेक प्रत्येक बाजूला मिनिटभर दाबून भाजायचा. वाऱ्याचं काम वाऱ्याला, धातूचं काम धातूला.

दीड-दोन सेंटिमीटरचा पातळ स्टेक हाती असेल तर तो एअर फ्रायरमध्ये घालूच नका. त्याला सुरुवातीपासून कडक तापलेला तवाच हवा, दोन्ही बाजूंना दीड-दोन मिनिटं, आणि लगेच ताटात.