मोटेवरचा मामा आणि ह्यूल हाउझर

2008 साली आई पहिल्यांदा आमच्याकडे कॅलिफोर्नियात आली, तेव्हा तिची दुपार सरता सरत नसे. इंग्रजी येत नाही, आणि बाहेर फिरायला जावं तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. एके दिवशी मी कामावरून घरी आले, तर ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात सरकून बसलेली. पडद्यावर आडव्या बांध्याचा, पांढुरक्या केसांचा एक उंच माणूस हातात माइक धरून कुणा म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलत होता.

"आई, काय कळतंय तुला?"

"शब्द नाय कळत. पण हा त्याला बोलू देतोय बघ. मधी तोडत न्हाई."

त्या माणसाचं नाव ह्यूल हाउझर. कार्यक्रम 'कॅलिफोर्नियाज गोल्ड', लॉस एंजेलिसच्या केसीईटी या सार्वजनिक वाहिनीचा. 1991 ते 2012, म्हणजे एकवीस वर्षं चालला. हाउझर मूळचा टेनेसीचा, दक्षिणेकडचे हेल त्याच्या बोलण्यातून कधी गेले नाहीत. कॅलिफोर्नियात तो परका होता आणि मला वाटतं म्हणूनच त्याला इथल्या प्रत्येक गोष्टीचं नवल वाटायचं. एक कॅमेरा, एक माइक, बस्स. सोन्याच्या खाणी बंद पडल्यावर ओस पडलेलं बोडी गाव असो की ॲव्होकॅडो खाणारा कुत्रा असो, त्याची उत्सुकता तेवढीच. गोल्डन गेट पुलाच्या मनोऱ्यावर दिवा बदलायला जाणाऱ्या कामगाराबरोबर हा स्वतः वर गेला. लोक त्याच्या "दॅट्स अमेझिंग"ची नक्कल करून हसायचे. पण ते नवल खोटं असतं तर एकवीस वर्षं टिकलं नसतं.

त्याचा हत्तिणीचा भाग मी कितीदा पाहिला असेल. सर्कशीत हत्तींना शिकवणारा एक वृद्ध माणूस. त्याची नीता नावाची हत्तीण सॅन दिएगोजवळच्या प्राणी-उद्यानात दिलेली, मधे बरीच वर्षं भेट नाही. तो येतो, हाक मारतो, आणि ती थेट त्याच्याकडे चालत येते. हाउझर अशा वेळी गप्प राहतो आणि कॅमेरा चालू राहतो. आईला त्या भागासाठी एका शब्दाचाही अर्थ सांगावा लागला नाही. ती डोळ्याला पदर लावून बसली होती.

मग ती म्हणाली, "आपल्याकडं आमची माती आमची माणसं लागायचं, त्याची सय झाली." मला एकदम आमचं साताऱ्याकडचं घर आठवलं. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र आलं. आमच्या आळीत टीव्ही यायला मात्र ऐंशीचं दशक उजाडलं. संध्याकाळी त्या एका घरात सगळे दाटीवाटीने बसायचे. एखादा शेतकरी आपल्या बोलीत आपल्या रानाबद्दल बोलायला लागला की आजोबा मान हलवायचे. आपल्यासारखं बोलणारा माणूस टीव्हीत असू शकतो, हे आम्हाला त्या कार्यक्रमाने दाखवलं.

आज महाराष्ट्रावरचे व्हिडिओ मी यूट्यूबवर रोज बघते. ड्रोन किल्ल्यावरून फिरतो, मागे ढोल वाजतात, निवेदक एका दमात इतिहास सांगून मोकळा होतो. त्या गडाच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसाच्या वाट्याला आठ-दहा सेकंद येतात, आणि त्यातही त्याच्या आवाजावर संगीत चढवलेलं. मनापासून काम करणारी पोरंही आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण पोटासाठी त्यांना व्ह्यूज लागतात. म्हसवडचा मेंढपाळ लोकर कातरताना काय बोलतो, हे निवांत चाळीस मिनिटं दाखवणं त्यांना परवडत नाही. ते सार्वजनिक वाहिनीला परवडलं पाहिजे. ती असते कशासाठी मग?

कॅलिफोर्नियात 58 काउंट्या आहेत, आपले जिल्हे 36. सह्याद्री वाहिनी आहे, तिने असा कार्यक्रम करावा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला चित्रकथीचे, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेचे, जुने पट सांभाळणारी घराणी आहेत, लोणारचं विवर आहे, रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत. आणि त्या सड्यांवर गुरं चारत मोठी झालेली माणसंही आहेत. आधी त्यांना विचारा. तज्ज्ञांना नंतर बोलवा, जरूर बोलवा.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. 2011 मध्ये हाउझरने आपल्या सगळ्या टेप ऑरेंज शहरातल्या चॅपमन विद्यापीठाला देऊन टाकल्या. अट एकच म्हणावी अशी, लोकांना फुकट बघता आलं पाहिजे. जानेवारी 2013 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, तो कॅन्सरने गेला. आज जगात कुठूनही ते भाग बघता येतात. 2025 मध्ये इथल्या संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे 110 कोटी डॉलर काढून घेतले, लहान गावांची केंद्रं अडचणीत आली, पण हाउझरने बोलतं केलेली माणसं तरी जपली गेली आहेत. आपल्याकडे दूरदर्शनचं तसं जुनं चित्रण जिथे जिथे उरलं असेल, ते सगळं असंच खुलं व्हावं, ही माझी मागणी आहे. कराच्या पैशातून झालेलं चित्रण लोकांचंच आहे.

गेल्या डिसेंबरात साताऱ्याला गेले होते. आईचं माहेर लिंबजवळ, बारा मोटांची विहीर आहे तिथलं. मामा आता नव्वदीला टेकलेत. लहानपणी त्यांनी स्वतःच्या मळ्यात मोट हाकलेली, म्हणजे बैल जुंपून चामड्याच्या पखालीने विहिरीचं पाणी उपसलेलं. मी फोन आडवा धरला आणि हाउझरसारखं विचारलं, "मामा, हे काय? कशाला? मग पुढं?" नाडा म्हणजे जाड दोर कुठल्या चाकावरून जायचा, सोंदूर हा बारीक दोर कुठून, धावेवर, म्हणजे बैलांच्या उताराच्या वाटेवर, बैल मागे सरताना जू कसं सांभाळायचं, पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या हौदात, पडल्याचा आवाज झाला की पाटावर उभी असलेली आजी वाफ्यांची दारं मोडून पाणी कसं वळवायची, सगळं सांगितलं. मोटेवरचं गाणं म्हणताना दुसऱ्या ओळीला अडले. मी थांबले. बराच वेळ गेला, आणि आठवलं त्यांना.

झाल्यावर म्हणाले, "कुठल्या चॅनेलला दिसणार गं हे?"

सत्तेचाळीस मिनिटांचं आहे. एकही जागा कापलेली नाही. ज्याला हवं त्याने खाली सांगा, पाठवते.