शोभेल तेच आवडून घ्या

वाचनालयात लागून तुम्हाला दोन-तीन महिने झाले असतील, तर एव्हाना वरून निरोप आलाच असेल. दारातल्या फळ्यावर कर्मचाऱ्यांनी दर महिन्याला 'आम्हाला अलीकडे आवडलेलं' लिहायचं. पुस्तक, सिनेमा, मालिका, काहीही चालेल. घाबरू नका. बेळगावातल्या एका गल्लीत, मराठी वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसलो आहे. या कामात चूक एकच होऊ शकते, ती म्हणजे खरोखर आवडलेलं लिहिणं. तेवढी टाळली की झालं.

काल रात्री पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून जेवता जेवता जे बघत होता, ते आधी विसरा. फळा म्हणजे देव्हारा. तिथं देवच मांडायचे, आणि तेही फुलं वाहून जुने झालेले. उदाहरणार्थ, खांडेकरांची 'ययाति'. 1959 सालची कादंबरी, 1974 चं ज्ञानपीठ, हरकत घ्यायला कुणाला जागाच नाही. फक्त पुस्तक फळ्याखालच्या स्टुलावर मांडण्याआधी आत चिकटवलेली तारखेची चिठ्ठी बघून घ्या. आमच्या प्रतीवर शेवटचा शिक्का 2011 च्या जूनचा होता, त्याखाली नुसते कोरे चौकोन. ही प्रत तीन वर्षं ओळीनं 'अलीकडे आवडलेली' म्हणून फळ्याखाली विराजमान झाली होती. कसरीनं मात्र ती मनापासून घेतली होती. देवयानीच्या निवेदनातून शिरून थेट शर्मिष्ठेच्या निवेदनात निघेल असा सुईएवढा बोगदा पाडला होता. चिठ्ठी बदला. नव्या चिठ्ठीवर दोन-चार शिक्के तिरके मारा. सरळ रांगेत मारलेले शिक्के लगेच ओळखू येतात.

आणि 'ययाति' लिहिताना पुढं लेखकाचं नाव लिहायला विसरू नका. मी एकदा विसरलो. शहापूरचे एक काका काठी टेकत आले, फळा वाचला आणि म्हणाले, "कुणाची वो? आपली का त्यांची?" कारण 1961 सालचं एक 'ययाति' गिरीश कर्नाडांचंही आहे, कन्नड नाटक. त्यांनाही ज्ञानपीठ मिळालं, 1998 चं. एकाच राजाचं म्हातारपण दोन भाषांत, आणि दोन्हीकडे तेच मोठं बक्षीस! अशा वेळी कर्नाडांचा जन्म माथेरानचा, म्हणजे महाराष्ट्रातला, हे सांगून काकांची समजूत घालायला जाऊ नका. मी गेलो. काका खाली बसले, चहा मागवला, आणि दुपारची देवघेव बंद पडली.

खरा पेच अनुवादाचा. पुस्तकं आकड्यांनी कपाटात लावायच्या ड्युईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा आकडा 891.46 आणि कन्नड साहित्याचा 894.814. अनुवाद मूळ भाषेच्या आकड्याखाली लावायचा, असा नियम. म्हणजे उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या भैरप्पांच्या कादंबऱ्या, ज्या आमच्याकडे घरोघरी वाचल्या जातात, त्या नियमानं कन्नडच्या कपाटात जायला हव्यात. आमच्याकडे त्या मराठी कादंबऱ्यांच्या कपाटात 'भ' खाली आहेत, भालचंद्र नावाच्या लेखकांच्या शेजारी सुखानं नांदताहेत. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाला 1967 च्या अहवालात जे सगळ्यांच्या मनासारखं जमलं नाही, ते आमच्या शिपायानं एका दुपारी फडकं मारता मारता उरकून टाकलं. तुम्ही यात पडू नका. पुस्तक आवडलं असेल तर फळ्यावर अनुवादिकेचं नाव ठळक लिहा आणि मूळ लेखकाचं बारीक. 'मूळ कन्नड' हे दोन शब्द फळ्याच्या त्या कोपऱ्यात, जिथं दार उघडलं की झाकलं जातं.

सिनेमा-मालिकांचं त्याहून अवघड. आपल्याकडे एकाच घरात आई मराठी मालिकेवर रडते, धाकटी वहिनी कन्नड मालिकेवर, आणि दोघींच्या सासवा एकाच वेळी तिसऱ्या भाषेत कट शिजवत असतात. निपाणीहून रोज एसटीनं येणारा माझा सहकारी 'सैराट' दोनदा पाहून आला होता. तो फळ्यावर लिहायला कुणाची ना नव्हती. पण दुसऱ्या वर्षी, 2017 मध्ये, त्याचाच कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' आला, नायिका तीच रिंकू राजगुरू, आणि या गड्यानं तोही पाहिला. वर टेबलावर सांगितलं की भाषा बदलली तरी शेवटाला रडू तेवढंच आलं. असलं बोलायचं नसतं. त्या महिन्यात त्याच्या नावापुढं आम्ही 'पक्ष्यांवरील एक सुंदर माहितीपट' असं लिहिलं. कोणता, हे आजवर कुणीही विचारलेलं नाही.

तरीही तुमच्यात थोडा गावाभिमान शिल्लक असेल आणि काहीतरी इथलं सुचवायचंच असेल, तर 'गणगोत' लिहा. त्यात पुलंनी रेखाटलेले रावसाहेब बेळगावचे. मराठी वाक्यात कन्नड हेल आणि दर दोन वाक्यांनी एक शिवी. टेबलापाशी आपण तसं बोललो तर शुद्धलेखनाची वही पुढं येते, पण पुस्तकात छापून आलेलं चालतं. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.

तारखांचं भान ठेवा. 1 नोव्हेंबरला फळा कोरा ठेवा. 1956 पासून त्या दिवशी एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, त्यात तुम्ही काय लिहिता याला 'काय वाचता' यापलीकडे अर्थ येतो. मी एकदा धोका नको म्हणून पाककृतीचं पुस्तक लिहिलं. त्यात मांडे होते. संध्याकाळपर्यंत मांडे मुळात कुणाचे, यावर वर्तमानपत्रांच्या टेबलावर दोन तट पडले. हिवाळ्यात मात्र फळा भरगच्च हवा. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशी एकामागून एक गावं साहित्य संमेलनं भरवतात, आणि पाहुणे बेळगावात उतरले की वाचनालयाला पाय लावून जातात. त्यांचं पुस्तक तुम्हाला आदल्या संध्याकाळी आवडायला हवं. पानं एकमेकांना चिकटलेली असतील तर पट्टीनं सोडवून घ्या. पाहुणे हटकून स्वतःचंच पुस्तक उघडून बघतात.

शब्दांची फारशी काळजी नको, ते तयार मिळतात. जाडजूड असेल तर 'विशाल पट'. पातळ असेल तर 'मोजक्या शब्दांत बरंच काही'. कळलं नसेल तर 'पुन्हा पुन्हा वाचावं असं'. 'हसून हसून पोट दुखलं' किंवा 'गाडी चुकली पण पुस्तक सोडवेना' असलं काही लिहू नका. लोक खरोखर न्यायला येतात आणि प्रत एकच असते.

अधूनमधून कुणी विचारेल, "आम्ही घरपट्टीत ग्रंथालयाचा कर भरतोच की, मग तुमची वर्गणी कशाला?" त्याचं खरं आहे. कर्नाटकात 1965 च्या कायद्यानं ग्रंथालय उपकर आहे, घरपट्टीवर 6 टक्के. त्याच पावतीवर भिक्षुक उपकर असतो 3 टक्के. वाचकाची पत भिकाऱ्याच्या बरोब्बर दुप्पट, असं हसून सांगा आणि वर्गणीची पावती फाडा.

आता शेवटची सावधगिरी, आमच्या मामांबद्दल. मामा म्हणजे शिपाई, भैरप्पांना 'भ' मध्ये बसवणारे तेच. फळ्यावर त्यांना कुणी लिहायला सांगत नाही. पण दुपारी मी जेवायला घरी गेलो की टेबलावर तेच असतात, आणि तिथं ते सर्रास शिफारशी करतात, त्याही खऱ्या. "ते नको वो अक्का, चाळीस पानं नुसता पाऊसच पडूलालाय." "हे न्या की, बारीक हाय, पण माणूस बरा हाय त्यातला." एकदा अनगोळच्या एका बाईंच्या हातातून त्यांनी फळ्याखालचं पुस्तक काढूनच घेतलं. "हे नको, तुमास्नी झेपायचं न्हाई. शेवटाला कुत्रं मरतंय."

मी त्यांना बजावलं, शेवट सांगायचा नसतो. शिवाय ते पुस्तक मी स्वतः 'जीवनदृष्टी देणारं' म्हणून लिहिलं होतं. त्यात कुत्रं आहे हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या आणि तेच पुस्तक घेऊन गेल्या. आठवड्यानं त्यांची जाऊ आली. मग टिळकवाडीचे एक निवृत्त मास्तर, मग वडगावची कॉलेजातली दोन पोरं. फळ्याकडे कुणी बघत नाही, सरळ टेबलाशी येऊन हळूच विचारतात. मागणी वहीत सध्या अकरा नावं आहेत आणि पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात मामांच्या अक्षरात लिहिलंय, 'कुत्रं'. बारावं नाव माझं आहे.