आखरावरचा मुका व्हिडिओ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याचा मेसेज आला, "मामा, आवाजच गेला ना व्हिडिओचा. आबाजीची झडती होती त्यात."

बहिणीचं गाव दारव्हा तालुक्यात. आखरावर, म्हणजे गावाकडेच्या गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली जोड्या उभ्या, शिंगांना बेगड, अंगावर झुली, आणि मधे भाच्याचे आबाजी हात वर करून झडती, म्हणजे पोळ्यात बैलांपुढं म्हणायचं पारंपरिक गाणं, म्हणतायत. मी इकडं जर्मनीत, कामावर जायच्या ट्रेनमध्ये बसून ते पाहत होतो. आबाजींचं तोंड हलतंय, मागचे पोट्टे 'हर हर महादेव' ओरडताना दिसतायत, आणि ऐकू काहीच येत नाही. पोरानं ॲपवर टाकताना वरून एका नव्या सिनेमाचं गाणं चढवलं होतं. ॲपच्या मशिननं गाणं ओळखलं आणि आवाजाची अख्खी पट्टीच पुसली. गाणं गेलं, त्याखाली दबलेले आबाजीही गेले.

घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. आमचे काका निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या मते ही सरळ चोरी. माझा भाऊ म्हणतो, "लग्नात डीजेवर वाजते तं कोणी काई म्हणत नाई, मंग या पोट्ट्यानं कोणाचं काय नेलं?" भाच्याचं वेगळंच, "म्या तं खाली गाण्याचं नाव लिवलं होतं, क्रेडिटबी देल्लं होतं." शेवटी गाडी माझ्यावर आली. तुमच्या तिकडं काय नियम आहे, सांगा. परदेशात राहणारा माणूस म्हणजे गावाच्या हिशेबी वकीलही असतो आणि डॉक्टरही.

भावाचं अर्धं खरं आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. 24 जुलै 2023 ला केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागानं तसं पुन्हा जाहीर केलं, कारण लग्नातल्या गाण्यांसाठी पैसे मागितल्याच्या तक्रारी येत होत्या. पण ती सूट मांडवातल्या गाण्याला आहे. तेच गाणं व्हिडिओला चिकटवून जगापुढं ठेवलं की हिशेब बदलतो. क्रेडिट दिल्यानं परवानगी मिळत नाही. आणि 'तीस सेकंद चालते' हे जे दारव्ह्यापासून नागपूरपर्यंत जो तो छातीठोकपणे सांगतो, ते भारताच्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही.

काकांना मात्र मी चोर हा शब्द मागे घ्यायला लावला. गावात पोळा फुटल्यावर जोडी घेऊन दारी येणाऱ्या गड्याला आपण बोजारा, म्हणजे मानाचे पैसे, देतो. गाणं लिहिणाऱ्याला, चाल लावणाऱ्यालाही बोजारा मिळाला पाहिजे, यात वाद नाही. 2012 च्या दुरुस्तीनं तो पक्का केला. निर्मात्याला हक्क विकून टाकले, तरी सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा राहतो. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी बराच जोर लावला होता. प्रश्न एवढाच की हा बोजारा द्यायचा कुणी? सोयाबीन विकून मोबाइल घेतलेल्या पोरानं, की त्याच्या व्हिडिओच्या आगेमागे जाहिराती दाखवणाऱ्या ॲपनं?

इथं जर्मनीत हे भांडण आधी होऊन गेलंय, आणि तेही काही शहाणपणानं नाही. गेमा ही इथली संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था. तिचं आणि युट्यूबचं 2009 पासून फाटलं ते नोव्हेंबर 2016 पर्यंत. तेवढी वर्षं असंख्य गाण्यांच्या जागी 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' अशी पाटी यायची. मुलीच्या बालवाडीचा उन्हाळी मेळा होता, तेव्हा गेमाचा फॉर्म भरायला पालकांनी मलाच बसवलं. जागा किती चौरस मीटर, तिकीट किती. बायको म्हणाली, आपला आखर किती चौरस मीटर भरेल हो?

पण 1 ऑगस्ट 2021 पासून लागू झालेल्या इथल्या एका कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून पटते. गाण्याचा 15 सेकंदांपर्यंतचा तुकडा, पूर्ण गाण्याच्या निम्म्याहून कमी, स्वतःच्या चित्रणाला जोडलेला आणि त्यावर धंदा न करता वापरलेला असेल, तर मशिननं तो परस्पर अडवायचा नाही. मालकानं तक्रार केली, तर निकाल लागेपर्यंत व्हिडिओ सहसा तसाच राहतो. आणि अशा तुकड्यांचा मोबदला ॲप चालवणाऱ्यानं द्यायचा. पंधराच का, याला उत्तर नाही. पण पोराला आधी कळतं की कुठवर गेलं तर चालेल. आपल्याकडं कळतं ते आवाज गेल्यावर.

नाही तर आपल्या भजनी मंडळानं काय करायचं? तुकोबांच्या अभंगावर कुणाचा हक्क नाही, पण त्याच अभंगाच्या बाजारातल्या रेकॉर्डिंगवर 60 वर्षं आहे. तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले. मृत्यूनंतर 60 वर्षं या नियमानं त्यांच्या शब्दांवरचा कॉपीराइट 2028 अखेर संपतो. खंजिरी घेऊन पारावर बसणाऱ्या माणसानं हे गणित करून मग तोंड उघडायचं का? झडती तर पिढ्यान्‌पिढ्यांची, कुणा एकाची नाही. उद्या कुणी स्टुडिओत तिच्याखाली ढोल घालून रेकॉर्ड केली, तर ते रेकॉर्डिंग मात्र त्याचं.

भाच्यालाही मी सोडलं नाही. आबाजी समोर उभे असताना वरून मुंबईचं गाणं कायले पाहिजे होतं? म्हणे, "गाण्याबिगर कोणी पाहतच नाई, मामा."

मूळ क्लिप नशिबानं त्याच्या मित्राच्या मोबाइलमध्ये सापडली. 52 सेकंद. घुंगरमाळा, कुणाचा तरी खोकला, आबाजींचा चढता आवाज. आणि 31 व्या सेकंदाला मागून एक ट्रॅक्टर जातो, स्पीकर फुल, आणि त्यावर तेच गाणं. असं मागून ओझरतं आलेलं गाणं इथल्या कायद्यानं किरकोळ म्हणून माफ आहे. मशिनला ट्रॅक्टर कुठून कळणार?

"मामा, टाकू का मंग?"

टाक म्हटलं. अन् ओरिजिनल मले आधी पाठव, पण व्हॉट्सॲपवर नको, ड्राइव्हवर टाक. व्हॉट्सॲपवर आवाज दबते.